वाकळीचा दोरा

माझ्या उजव्या गुडघ्यात वाकळीचा दोरा आहे, असं मी सांगितलं की लोकांना थट्टा वाटते. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. नातवंडं तर पाहुण्यांना सांगतात, आजी मधे उसवली होती म्हणून शिवून घेतली. सांगू देत. दोरा आहे हे खरं आहे, आणि तो तिथं कसा गेला हे सांगायचं तर माझ्या सासूबाईंपासून सुरुवात करावी लागेल. त्यांना मी आत्ती म्हणत असे.

आत्ती चिकोडीकडच्या. बोलायला लागल्या की निम्मं मराठी, निम्मं कानडी, आणि रागावल्या की सगळंच कानडी. आमचं घर निपाणीपासून तीन मैलांवरच्या खेड्यात. जैन शेतकरी, तंबाखूचं पीक. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले, त्यामुळे घरात आत्तींचा शब्द शेवटचा. आणि मी पडले तापट. आमच्या दोघींचं पटतं असं गावात कुणी म्हणत नव्हतं, आणि गाव काही फार चुकत नव्हतं.

मोठं युद्ध चाललं होतं तेव्हाची गोष्ट. माझी लेक पाच महिन्यांची होती. डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन रानातून येत होते. काळी जमीन उन्हानं फाटलेली. माझा उजवा पाय एका भेगेत अडकला. पाय राहिला तिथंच, आणि भाऱ्यासकट मी मात्र वळले. गुडघ्यात कट् असा आवाज झाला. वाळकं लाकूड मोडलं असं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी मी भाऱ्याखाली होते.

गुडघा भोपळ्याएवढा सुजला. गावात हाड बसवणारा एक म्हातारा होता. त्यानं चाचपून पाहिलं, हाड शाबूत आहे म्हणाला, आणि अंड्याच्या बलकात औषध कालवून लेप द्यायला निघाला. आत्तींनी त्याचा हात तिथल्या तिथं धरला.

"आमच्या उंबऱ्याच्या आत अंडं न्हाय यायचं," त्या म्हणाल्या. "दुसरं काय असंल तर बघ."

मग त्यानं उडदाच्या पिठाचा लेप दिला. सूज महिन्या-दीड महिन्यानं उतरली, दुखणंही गेलं. मी कामाला लागले. पण गुडघा पूर्वीचा राहिला नव्हता. सरळ चालताना काही नाही, पण वळले, उतारावरून आले किंवा घाईनं वाकले की आतून काहीतरी सटकायचं आणि पाय नाहीसा व्हायचा. होय, नाहीसाच. दुखायचंही नाही फारसं. पाय आहे म्हणून भार टाकावा आणि खाली काहीच नसावं. मी ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आत्तींनी मला माहेरी विश्रांतीला पाठवलं असतं, आणि विश्रांतीला पाठवलेल्या सुनेला परत बोलावताना लोक सावकाश बोलावतात.

ही माझी चूक. तिची किंमत माझ्या लेकीनं मोजली.

ती सव्वा वर्षाची होती. तिला कडेवर घेऊन मी मागच्या परड्यात जायला उंबरा ओलांडला. दोनच पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवर गुडघा सटकला. मी तिला घट्ट धरायला हवं होतं, पण पडणाऱ्याचे हात आपोआप जमीन शोधतात. माझ्या हातांनी जमीन शोधली आणि लेक सुटली. जनावरांच्या पाण्याच्या दगडी दोणीच्या काठावर तिचं कपाळ आपटलं.

रक्त खूप आलं. जखम मोठी नव्हती, भुवईच्या वर बोटभर. हळद दाबली, थांबलं. संध्याकाळपर्यंत ती खेळायलाही लागली. पण तिचं रडणं थांबायच्या आधी ती कुणाकडं हात पसरून गेली, ते मी पाहिलं होतं. ती आत्तींकडं गेली.

 दुसऱ्या दिवशी सकाळी आत्ती एवढंच म्हणाल्या, "आजपासनं पोरीला कडेवर घ्यायचं न्हाय तू. बसल्या जागी घे. उभ्यानं न्हाय."

 त्या बरोबर होत्या. त्या चुकीच्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पुढचे सात-आठ महिने मी माझ्याच घरात पाहुणीसारखी झाले. स्वयंपाक केला, जात्यावर बसले, तंबाखूचे शेंडे खुडले. पण लेक चालायला लागली, पडली, रडली, की तिला उचलायला आत्ती. जत्रेला, देवळाला, बाजाराला आत्तींच्या कडेवर. मुलं लवकर शिकतात. मी शेजारी उभी असले तरी ती माझ्या अंगावरून आजीकडं धावायची. एकदा शेजारणीनं तिला विचारलं, "आई का गं घेत न्हाय तुला?" तर ती शहाण्यासारखी म्हणाली, "आई पाडती." शेजारीण हसली. मी आत जाऊन चुलीत विनाकारण लाकडं सारत बसले.

निपाणीत आमच्या ओळखीचा एक कंपाउंडर होता. त्यानं माझ्या नवऱ्याला सांगितलं की बेळगावच्या एका दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस कॅम्पातला पलटणीचा डॉक्टर येतो. गोरा आहे, पण कुणालाही तपासतो. फुटबॉल खेळून गुडघे मोडून घेतलेल्या सोल्जरांचे गुडघे तो शिवतो. नवऱ्यानं हे घरी सांगितलं तेव्हा मला वाटलं आत्ती नको म्हणणार. त्या म्हणाल्या, "जायचं तर सुगी लागायच्या आधी जाऊ. तंबाखू निघाला की कुणाला सवड असतीया?" आणि तुमच्या दोघांबरोबर मीबी येणार म्हणाल्या. लेकीला जावेकडं ठेवलं.

तेव्हा पेट्रोल मिळत नसे. मोटारी कोळशावर चालायच्या. मागं बंबासारखी भट्टी, आणि चढ आला की मोटार उसासे टाकायला लागायची. तवंदीचा घाट आला तसा ड्रायव्हरनं सगळ्यांना उतरवलं. माणसं चालत चढ चढायला लागली, मोटार त्यांच्या मागून. मी एकटीच आत बसून होते, एखाद्या जहागीरदारणीसारखी. आत्ती खिडकीबाहेर मोटारीच्या बरोबरीनं चालत होत्या. घाटातल्या स्तवनिधीच्या देवळाच्या दिशेला त्यांनी हात जोडले आणि काहीतरी पुटपुटल्या. वाटेतलं संकेश्वर येईपर्यंत आम्हा सगळ्यांची तोंडं काळी झाली होती.

दवाखान्यात डॉक्टरबरोबर एक नर्स होती, खानापूरकडची. ती त्याचं आम्हाला आणि आमचं त्याला सांगायची. त्यानं मला झोपवलं, गुडघा वाकवून पाऊल टेबलावर टेकवलं, आणि दोन्ही हातांनी गुडघ्याखालची नळी धरून पुढं ओढली. कपाटाचा खण ओढावा तशी ती पुढं आली. आत्तींनी ते पाहिलं आणि कानडीत देवाचं नाव घेतलं. मीही पाहिलं. दीड वर्ष मी ह्या पायावर उभी होते तरी कशी, हेच मला कळेना.

नर्सनं समजावून सांगितलं. गुडघ्याच्या आत दोन हाडांना धरून ठेवणारा बंध असतो. तो तुटलाय. लेपानं तो जुळत नाही. डॉक्टर मांडीच्या बाहेरच्या अंगाची, कातड्याखालची एक पट्टी काढणार, हाडाला भोक पाडून त्यातून ती ओवणार, आणि बंधाच्या जागी ताणून बसवणार.

"वेसण घातल्यागत," आत्ती म्हणाल्या.

"व्हय, तसंच," नर्स म्हणाली.

"पट्टी हिच्याच अंगाची?"

"हिच्याच."

आत्तींनी मान हलवली. मला हायसं वाटलं. मग त्यांनी तो प्रश्न विचारला. दुसऱ्या कुणालाही तो सुचला नसता, पण ज्या बाईनं जन्मभर वाकळी शिवल्या तिला तो सुचणारच.

"आणि शिवतोय कशानं?"

नर्स खोटं बोलणारी नव्हती. तिनं डॉक्टरला विचारलं आणि सांगितलं, "मेंढीच्या आतड्याचा दोरा असतोय. आत विरघळून जातोय तो."

आत्ती उठल्या. "चल गं."

मी उठले नाही. त्यांनी माझी पिशवी उचलली आणि चालू लागल्या, तेव्हा मला जावंच लागलं. बाहेर आवारात चिंचेचं झाड होतं, त्याच्या पारावर त्या बसल्या. नवरा मोटारीचं बघायला गेला होता. आम्ही दोघीच.

मी जन्मात सासूला बोलले नाही ते तिथं बोलले. मुंगी मरू नये म्हणून आपण रस्ता झाडतो, ते सगळं मला मान्य आहे, मी काही कुठल्या परक्या घरातून आले नाही. पण ती मेंढी मरून गेली, आता ती काय परत येणार हाय? माझी पोर मला बघून आजीकडं पळती. तुमचा धर्म तुमच्यापाशी ठेवा, मला माझी पोर उचलायची हाय. मी रडत होते आणि ओरडत होते. येणारे-जाणारे थांबून बघत होते, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

आत्ती ऐकत होत्या. माझं संपलं तशी त्यांनी पिशवीत हात घातला. दवाखान्यात दिवस कसे जाणार म्हणून त्यांनी एक अर्धी वाकळ बरोबर आणली होती. जुन्या लुगड्यांचे थर, सुई, आणि दोऱ्याची दोन रिळं. एक जाड, एक बारीक. त्यांनी बारीक रीळ काढलं, वीतभर दोरा उलगडला आणि दोन्ही हातांनी ताणून झटका दिला. दोरा तुटला नाही. मग त्या एकट्याच आत गेल्या.

आत काय झालं ते मला नर्सनं नंतर सांगितलं. आत्ती डॉक्टरच्या खोलीत न विचारता शिरल्या, रीळ त्याच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "ह्यानं शिव म्हणावं. सात सात वर्षं वाकळ उसवत न्हाय माझी."

डॉक्टरनं रीळ हातात घेतलं. त्यानंही दोरा ताणून पाहिला. मग तो हसला आणि बराच वेळ काहीतरी बोलला. नर्सनं सांगितलं त्याचा अर्थ असा, की युद्धामुळे आतड्याचा दोरा पुरेसा येतच नाही. काही डॉक्टर आता सुती दोऱ्यानं शिवायला लागलेत, त्यानंही शिवून पाहिलंय, चांगलं भरून येतं. दोरा उकळून घेऊ. फक्त हा विरघळणार नाही, जन्मभर आत राहील.

"ऱ्हाऊ दे की," आत्ती म्हणाल्या. "आमचाच हाय."

त्या बाहेर आल्या तेव्हा मी डोळे पुसत बसले होते. त्यांनी मला एवढंच सांगितलं, "उद्या पोटात काय घ्यायचं न्हाय म्हणं. ते काय अवघड न्हाय. पर्युषणात धा दिवस केलतीस की."

क्लोरोफॉर्मचा वास मला अजून आठवतो, गोडसर आणि खोटा. शुद्धीवर आले तेव्हा मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर होतं, आणि मांडी गुडघ्यापेक्षा जास्त ठणकत होती. ओकाऱ्या झाल्या. आत्ती उशाशी बसून वाकळ शिवत होत्या, जाड दोऱ्यानं. बारीक रीळ नर्सनं त्यांना परत दिलं होतं. निम्मं संपलेलं. त्यांनी ते मला दाखवलं आणि पिशवीत जपून ठेवलं.

दवाखान्यातलं संध्याकाळचं जेवण दिवस मावळल्यावर यायचं, ते आम्हाला चालत नव्हतं. आत्ती रोज चार वाजता कुठल्याशा ओळखीच्या घरी जाऊन भाकरी-भाजी करून आणायच्या. बाकीच्या रोगी बायका त्यांची वाट बघायला लागल्या, कारण त्या सगळ्यांपुरतं आणायच्या. तीन आठवड्यांनी मला घरी सोडलं. परतताना घाट उताराचा होता, तरी ब्रेकचा भरवसा नाही म्हणून ड्रायव्हरनं पुन्हा सगळ्यांना उतरवलं आणि मी पुन्हा एकटी आत. ह्या वेळी पाय समोरच्या बाकावर. जहागीरदारणीची आता महाराणी झाली होती.

प्लास्टरमधली खाज हे खरं दुखणं. खराट्याची काडी आत घालून खाजवायचं, आणि ती नेमकी जागा सापडायची नाही. लेक त्या पांढऱ्या पायाला भ्यायची. मग एक दिवस तिनं त्यावर कोळशानं रेघोट्या मारल्या आणि तिची भीती गेली. पुढं बेळगावला जाऊन प्लास्टर काढलं तेव्हा मी डॉक्टरला त्या रेघोट्यांचा तुकडा मागितला. त्यानं दिला. बरेच दिवस तो कोनाड्यात होता, मग पावसाळ्यात त्याचा भुगा झाला.

प्लास्टर काढलं त्या दिवशी मात्र माझं अवसान गळालं. आतून निघालेला पाय माझा नव्हता. दंडाएवढी मांडी, आणि गुडघा वाकेचना. डॉक्टर म्हणाला, काळजी नको, हळूहळू वाकेल. काटकोनात वाकला तरी पुष्कळ, खुर्चीवर छान बसता येईल.

मी नर्सला म्हटलं, "त्यास्नी विचारा, माझी चूल जमिनीवर हाय, जातं जमिनीवर हाय, जेवायचं ताट जमिनीवर हाय. खुर्चीत बसून मी काय करू?"

नर्सनं विचारलं.  हा विचार डॉक्टरच्या मनात आला नसावा. सोल्जर खुर्चीवर बसतात. मग त्यानं विचारलं, तुला ह्या पायानं नक्की काय करायचंय? मी सांगितलं, पोरीला कडेवर घेऊन उतारावरून चालायचंय. तो म्हणाला, सहा महिने नाही. आधी मांडी भरून आली पाहिजे. पावलाला वाळूची पिशवी बांधायची, पाय सरळ करायचा आणि खाली आणायचा, रोज सकाळ-संध्याकाळ. नुसत्या त्या एका पायावर, काही न धरता, तीस अंक मोजेपर्यंत न डगमगता उभी राहशील, त्या दिवशी पोरीला उचल. त्याआधी पडलीस तर माझी शिवण फुकट.

माझ्यापेक्षा हे आत्तींनीच जास्त लक्षात ठेवलं. घरी येताच त्यांनी पोत्याच्या तुकड्याची पिशवी शिवली. वाळू आधी एक शेर, मग दोन, मग पाच. मी जोत्यावर बसून पाय वर-खाली करायची आणि त्या शेजारी बसून कानडीत मोजायच्या, वंदु, येरडु, मूरु. दहाला थांबले की म्हणायच्या, "वाकळीला एवढ्यावर सोडत न्हाय मी." गुडघा वाकवायला जात्यासारखा वैद्य नाही. आधी पाय लांब करून दळायची, मग थोडा आत, मग आणखी आत. घामानं चोळी भिजायची. कळ आली की मी आत्तींना मनातल्या मनात नाही, उघड शिव्या द्यायची. त्या म्हणायच्या, "दे, पण पाय वाकीव."

चौथ्या महिन्यात मांडी घालून जेवायला बसता आलं. पंगतीत बसले त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

एका पायावर उभं राहणं मात्र जमेना. पाचावर डगमगायची, सातावर पाय टेकायची. लेकीला तो खेळ वाटला. ती समोर उभी राहून आजीबरोबर मोजायला लागली. तिला मराठी अंक यायच्या आधी कानडी आले ते माझ्या गुडघ्यामुळं. तीही एका पायावर उभी राहायची आणि पडून हसायची. पण मी हात पुढं केले की मागं सरायची. राग नव्हता तिच्यात. तिला ते घरातल्या साध्या नियमासारखं ठाऊक होतं, आजी उचलते आणि आई मोजायला उभी राहते. मला तेच जास्त लागायचं.

सातव्या महिन्यात मी तीस मोजेपर्यंत उभी राहिले. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा, डोळे मिटून. मला वाटलं आता आत्ती पोर देतील. दिली नाही. मीही मागितली नाही, आणि हे मला आज कबूल करायला हवं, मला मागायचं धाडसच झालं नाही. शिवण पक्की होती, पण त्या दोन पायऱ्या माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. आठ-पंधरा दिवस असेच गेले.

मग आत्तींनी स्तवनिधीचा नवस फेडायचं काढलं. घाट चढताना हात जोडले होते ते नवसाचे होते, हे मला तेव्हा कळलं. आम्ही तिघी बैलगाडीनं गेलो. गाडी खाली रस्त्याला सोडून वर चालत गेलो, दर्शन घेतलं, नारळ ठेवला. परत निघालो तेव्हा ऊन कलतं होतं. लेक दमून आजीच्या कडेवर. उतार खडकाळ, मधेमधे सुटे दगड. अर्ध्या वाटेवर आत्ती थांबल्या.

"घे गं हिला," त्या म्हणाल्या. "माझा गुडघा धरलाय."

मी त्यांच्याकडं पाहिलं. साठीची बाई, पण सकाळी तीच वाट माझ्यापुढं दहा पावलं चढून गेली होती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पोरीला माझ्या कडेवर ठेवलं आणि हात काढून घेतले.

लेक ताठ झाली. तिच्या दोन्ही मुठींत माझं लुगडं. मी उजवा पाय खालच्या दगडावर टेकला. पाय होता. डावा टेकला, पुन्हा उजवा. माझ्या कानाशी लेक भीतभीत मोजायला लागली, वंदु, येरडु, मूरु. प्रत्येक पावलाला एक. मागं आत्तींच्या पावलांखालचे खडे अगदी जवळून वाजत होते, एका पावलाच्या अंतरानं. मी वळून पाहिलं तर त्या दोन्ही हात पुढं पसरून चालत होत्या.

"तुमचा गुडघा?" मी म्हटलं.

"तू फुडं बघून चाल," त्या म्हणाल्या.

दहा झाले, वीस झाले. पुढचं लेकीला येत नव्हतं, म्हणून तिनं परत एकपासून सुरू केलं. वाटेत एकदा दगड निसटला. माझा पाय हलला, गुडघा हलला नाही. ती मोजत राहिली, मग अंक चुकायला लागले, मग आवाज बारीक झाला. खालचा रस्ता दिसायला लागला तेव्हा मुठी सुटल्या आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं.

झोपलं की पोर जड होतं, हे मी विसरून गेले होते. गाडीवानानं तिला घ्यायला हात पुढं केले. मी नको म्हटलं.